पिवळी टेप

एसी लावला की गाडी तापते आणि बंद केला की निवते, एवढी साधी गोष्ट सांगायला ती तीन आठवड्यांत पाच वेळा थोरल्या दिराच्या गॅरेजमध्ये गेली होती. पाचही वेळा तिला उत्तर मिळालं. दर वेळी वेगळं, आणि दर वेळी तितक्याच ठामपणे.

दिराला सगळे उस्ताद म्हणत. हे नाव लोकांनी दिलं की त्याने स्वतःच पसरवलं, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. पहिल्या खेपेला उस्तादाने रेडिएटर धुतला. दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट बदलला, तिसऱ्या खेपेला पाण्याचा पंप. चौथ्या वेळी काही सुचेना, तेव्हा म्हणाला, "तू गाडी दामटतेस." पाचव्या वेळी बॉनेटवर हात ठेवून, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाला, "इंजिन गेलं. हेड उडालंय. यात आता जीव राहिला नाही."

"एसी बंद असला की चालते की व्यवस्थित," ती म्हणाली.

"जाणाऱ्या माणसालाही मध्येच बरं वाटतं. तू असं कर, गाडी इथेच सोड, मी गिऱ्हाईक बघतो. आणि तू आमच्या ऑफिसात बस. फोन घ्यायला माणूस लागतोच मला. सावलीत बसून काम, बाईमाणसाला आणखी काय हवं?"

ऑफिस म्हणजे जुन्या टायरांच्या ढिगामागे पत्रे ठोकून केलेला खोका. आत एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर उस्तादाचाच फोटो. दिवसभर त्या फोटोकडे बघत बसण्यापेक्षा तिने गाडी घरी नेली.

घरी नवऱ्याला सांगितलं. कंबर धरल्यापासून तो पलंगावर होता आणि गाडी तीच चालवत होती. तो म्हणाला, "दादा म्हणतोय म्हणजे असणार." गाडीला शिंगं फुटलीत असं दादा म्हणाला असता, तर हा कंबर विसरून चारा आणायला उठला असता. भिंतीशी बोललं तर निदान भिंत मान तरी डोलावत नाही.

गाडी म्हणजे आठ माणसांची व्हॅन. मूत्रपिंडं निकामी झालेल्या चार म्हाताऱ्यांना ती दिवसाआड रक्त शुद्ध करायला हॉस्पिटलात न्यायची आणि आणायची. परत येताना ती माणसं पिळून टाकलेल्या फडक्यासारखी झालेली असत. मागच्या आठवड्यात एसी बंद ठेवावा लागला आणि त्यातले गणिताचे मास्तर सिग्नलला बसल्याबसल्या बेशुद्ध पडले. वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, "सोमवारपर्यंत गाडी थंड करा. नाहीतर मला दुसरी गाडी बघावी लागेल." सिस्टरवर रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी हॉस्पिटलच्या फाटकाशी ती उभी होती. म्हातारे बाहेर येण्याआधी पाच मिनिटं एसी लावून गाडी गार करायची आणि तापमानाचा काटा चढू लागला की बंद करायचा, असं ठरवून तिने एसी लावला. मास्तरांच्या मानेवर ठेवायचा नॅपकिन तिने नळावर भिजवला आणि निथळायला गाडीच्या पुढच्या जाळीला लावला. तो खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. हाताने धरून ठेवला तर फुगला, आणि बोटांना गरम वारा लागला.

शेजारी अँब्युलन्स उभी होती, तिचाही एसी चालू होता. तिने नॅपकिन त्या गाडीच्या जाळीला लावून पाहिला. तो असा चिकटला की ओढून काढावा लागला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर तोंड उघडं टाकून झोपला होता, त्यामुळे सल्ला द्यायला कोणी नव्हतं आणि तिला नीट विचार करता आला.

स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा उलटा बसवला तर धूर घरातच येणार, हे कळायला उस्ताद व्हावं लागत नाही. तिच्या गाडीचा पंखा इंजिनाची धग पुढे फेकत होता. एसी बंद असताना पंखा फिरायचाच नाही, रस्त्यावरचा वारा आपसूक आत यायचा. एसी लावला की पंखा सुरू व्हायचा आणि आत येणाऱ्या वाऱ्याला दारातूनच हाकलून द्यायचा. आणि हा पंखा महिन्यापूर्वीच बदलला होता. नव्या पंख्याचा प्लग बसेना, म्हणून उस्तादाने तो कापून वायरी थेट जोडल्या होत्या आणि वर पिवळी टेप गुंडाळली होती. तो सगळ्याच जोडांना पिवळी टेप लावी. "माझं काम लांबून ओळखू येतं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

म्हाताऱ्यांना घरी सोडून ती थेट गॅरेजवर गेली. बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती आणि उस्ताद त्यांना आजकालच्या मेकॅनिकांना काही येत नाही ते समजावत होता. तिने इंजिन चालू ठेवलं, एसी लावला आणि वर्तमानपत्राचं पान जाळीवर ठेवलं. पान उडून उस्तादाच्या पायाशी पडलं.

एवढं मात्र त्याला लगेच कळलं. आणि समोर तीन माणसं असताना गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"पंखा उलटा फिरतोय. वायरी उलट्या जोडल्यात कोणीतरी," तो बाकाकडे वळून म्हणाला. "बघा, मी सांगत होतो ना? ज्याने हे केलंय त्याला सायकलचं पंक्चरसुद्धा काढू देऊ नये. या, दाखवतो."

त्याने बॉनेट उघडलं. तिघेही वाकले.

"टेप पिवळी आहे, उस्ताद," सकाळपासून ताटकळत बसलेला एक जण म्हणाला.

"त्या दिवशी मी नसेन. दुसऱ्या कोणीतरी हात मारला असेल."

"तुम्हीच होतात, भाऊजी. मी टॉर्च धरून उभी होते."

मग मात्र उस्तादाने मुकाट्याने वायरी कापल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. दहा मिनिटांचं काम. पान जाळीला चिकटलं. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. आपल्याला किती भीती वाटत होती, हे तिला तो थांबल्यावर कळलं.

"मला पंख्याचा संशय होताच," उस्ताद हात पुसत म्हणाला.

"मग उडालेलं हेड परत कधी येऊन बसलं?"

बाकावर कोणीतरी खोकलं. उस्तादाने खणातून टेप काढली. ती काळी होती.

"पिवळीच लावा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कुठे शोधायचं ते कळेल."

त्याने पिवळी लावली. ती गाडी बाहेर काढत होती, तेव्हा पत्र्याच्या खोक्यात फोन वाजायला लागला. उस्तादाने सवयीने तिच्याकडे पाहिलं. तिने काच वर केली आणि एसी वाढवला.