चोविसावा टक्

अतियाने तेवीस मोजले होते.

गॅरेजच्या एका कोपऱ्यात पत्र्याची भिंत घालून ऑफिस केलेलं होतं. तिथं ती टेबलाशी बसली होती, आणि भिंतीपलीकडे नदीम येसाजीच्या गाडीला फ्लायव्हीलचे बोल्ट आवळत होता. टॉर्कचा पाना ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ करतो. बोल्ट आठ होते. ते एका दमात आवळायचे नसतात. समोरासमोरचे घेत तीन फेऱ्या करायच्या, आधी पाना तीसच्या आकड्याला लावून, मग साठला, शेवटी नव्वदला. म्हणजे आठ त्रिक चोवीस. पहिल्या फेरीत आठ टक् झाले, दुसरीत आठ, तिसरीत सात.

मध्येच रेवदंड्याची एसटी हॉर्न देत गेली होती, हे खरं. एखादा टक् त्यात बुडाला असेल. पण सातव्यानंतर जो थांबा पडला तो तिला आवडला नाही. माणूस पाना हातात धरून नुसता उभा आहे, असा तो थांबा होता. त्यानंतर आवाज आला तो एकदम रंगाच्या डबीचं झाकण उघडल्याचा.

अतिया फिजिक्सची बी.एस्सी. होती. अलिबागच्या कॉलेजात प्रयोगशाळेत तिने सात वर्षं मुलांची रीडिंग तपासली होती, आणि न घेतलेलं रीडिंग वहीत लिहिणारं पोर तिला चेहऱ्यावरून ओळखू येई. अब्बा गेले आणि चौलचं हे गॅरेज तिच्याकडे आलं. नदीम तिचा चुलतभाऊ, नऊ वर्षं मस्कतला काम करून परतलेला. त्याच्यासारखा हात तालुक्यात नाही, असं लोक म्हणत. तिने त्याला कामावर घेतलं, पण त्याच्यावरची नजर काही काढली नाही.

आज तर सकाळपासूनच तिला काहीतरी खुपत होतं. या गाडीचे मूळ बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आणि नवे यायला आठवडा लागणार होता. म्हणून येसाजीचा पुतण्या ऋत्विक याने दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचे, जास्त मजबूत म्हणून विकले जाणारे बोल्ट घरबसल्या मागवले. गॅरेजात आलं तेव्हा पाकीट फोडलेलं होतं. अतियाने आठही बोल्टांना नंबर घालून व्हर्निअरने लांबी मोजली, वहीत लिहिली. डोक्यावरचा छाप भिंगाखाली पाहिला. दोष सापडला नाही. त्याने तिचं समाधान झालं नाही, एवढंच.

ती उठून बाहेर आली. नदीमने फ्लायव्हीलवर क्लचप्लेट चढवूनही टाकली होती. आता बोल्ट दिसायची सोय नव्हती. गिअरबॉक्स जॅकवर होता आणि नदीम तो घाईने वर घेत होता. त्याचा चहा स्टुलावर निवत होता. नदीम चहा निवू देणारा माणूस नव्हता.

“एवढी घाई?” तिने विचारलं.

“दादांना चारच्या बोटीवर मांडव्याला जायचंय ना.”

येसाजी बाकड्यावर पाय पसरून बसला होता. मांडव्याच्या जेटीवरून नागावच्या घरगुती हॉटेलांच्या पाहुण्यांची ने-आण करणं हा त्याचा धंदा. “सात माणसं हायेत आज,” तो म्हणाला. “लवकर करा काय ते.”

“नदीम, टक् किती झाले?”

त्याने वर पाहिलं नाही. “मोजत बसली होतीस?”

“तेवीस झाले.”

“चोवीस झाले. एसटी गेली तेव्हा कान कुठं होते तुझे, आपा?”

येसाजी खो-खो हसला. “आमच्या पोरीच्या, प्राप्तीच्या लग्नात आहेर मोजायला हिलाच बसवतो. एक पाकीट इकडचं तिकडं न्हाय व्हायचं!”

अतिया हसली नाही. एसटीचा विषय तिने काढलाच नव्हता. याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि तयार उत्तर लागतं कुणाला?

“उघड,” ती म्हणाली.

नदीमने जॅकचा दांडा सोडला. “काय उघड?”

“क्लच उतरव. मला आठही बोल्टांवर पाना लावून बघायचाय.”

“आठांवर पिवळी खूण केलीय मी. पुरेशी नाही?”

“खूण ब्रशने होते, पान्याने नाही.”

“बघा दादा,” नदीम येसाजीकडे वळला. “मस्कतला अरबाची गाडी असायची, तोही इतका मागे उभा राहत नव्हता. हिला वाटतं, मी चोर आहे.”

“चोर नाही म्हटलं मी.”

“उघडलंस तर पाना इथंच ठेवून जातो, सांगून ठेवतो.”

येसाजीचं हसू गेलं. “ओ बाय, तुमची भांडणं घरी जाऊन भांडा. माझी सात माणसं उन्हात उभी राहतील.”

अतिया त्याला हाताला धरून गाडीच्या दाराशी घेऊन गेली. “बसा. पाय ब्रेकवर ठेवा.” तो कुरकुरत बसला. तिने खालून पत्र्यावर बोटाने टकटक केली, तर ती नेमकी त्याच्या उजव्या पावलाजवळ वाजली. “तुमच्या पायापासून फ्लायव्हील एवढ्या अंतरावर फिरतं. दहा-बारा किलोचं लोखंड, मिनिटाला तीन हजार फेरे. एक बोल्ट सैल असला की बाकी सात त्याचा भार घेतात. किती दिवस घेतील ते मला सांगता येत नाही.”

येसाजीने पाय हळूच मागे घेतला. मग मान बाहेर काढून तो म्हणाला, “नदीम, तू घरच्यांना बसवशील या गाडीत?”

नदीम हात पुसत राहिला. आधीच स्वच्छ असलेली बोटं त्याने परत एकदा पुसली, आणि जॅक खाली घेतला.

अर्ध्या तासात क्लच उतरला. पिवळ्या खुणा आठही बोल्टांवर होत्या, सुबक, एका लांबीच्या. अतियाने पाना नव्वदला लावला आणि एकेक बोल्ट तपासला. सात बोल्टांवर टक् लगेच झाला. पाच नंबरवर पाना फिरला. अजून फिरला. टक् काही झाला नाही.

“बस कर,” नदीम म्हणाला. “तुटेल.” मग हलक्या आवाजात, “मऊ लागला मला तो. आवळत गेलो तर हातात पीठ मळल्यासारखा. म्हणून सोडला.”

“आणि वर रंग लावलास!”

“लावला.”

“सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, ‘काय केलंस?’ ‘काय झालं?’ असं तू कधी विचारतेस, आपा?”

अडचणीत सापडली की ती मोजमापाकडे वळत असे. तिने बोल्ट काढायला लावले. मनात मात्र दुसराच संशय उभा राहिला होता. फोडलेलं पाकीट. “दादा, ऋत्विकने हे नक्की कुठून आणले? एखादा बदलला तर नाही?”

“आता माझ्या पुतण्यावर आलात व्हय?” येसाजी उसळला. “उद्या म्हणाल, येसाजीनेच रात्री येऊन बोल्ट खाल्ला!”

पाच नंबर व्हर्निअरमध्ये धरला. सकाळपेक्षा अर्धा मिलिमीटर लांब. बोल्ट ताणला गेला होता, रबरासारखा, फक्त परत आखूड न होणारा. एकटाच असता तर तो नकली म्हणता आला असता. पण तिने बाकीचे मोजले. दोन आणि सहा नंबरही वाढले होते, किंचित, पण वाढले होते. म्हणजे सगळ्यांवरच गरजेपेक्षा जास्त ताण आला होता. पान्याने मात्र नव्वदच सांगितलं होतं.

बोल्ट तिच्या बोटांतून निसटला. बोटं बुळबुळीत झाली होती. त्या हिरवट ग्रीसचा वास तिला लहानपणापासून ठाऊक होता.

अब्बांनी सुरुवात रेवदंड्याच्या होड्यांच्या इंजिनांवर केली होती. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट गंजून जाम होतात, वर्षाने उघडायला गेलं की मुंडकं तुटून हातात येतं. म्हणून त्यांचा दंडक होता, आट्यांना बोटीचं ग्रीस फासल्याशिवाय बोल्ट बसवायचा नाही. गॅरेज अतियाकडे आलं तेव्हा हा नियम तिने मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवून घेतला होता. नदीमने तो पाळला होता.

तिने पाकिटातला कागद उलगडला. नव्वद हा आकडा तिने सकाळी त्यावरूनच फळ्यावर उतरवला होता. आकड्याखाली एक ओळ होती. आटे इंजिन ऑइलने ओले करावेत. तीही तिने सकाळी वाचली होती. ऑइलपेक्षा आपलं ग्रीस चांगलंच, असं मनात म्हणून पुढे गेली होती. पान्याला लावलेल्या जोरातला बहुतेक हिस्सा घर्षण खातं, बोल्ट ताणायला दहातला एक उरतो, हे तिने मुलांना फळ्यावर शिकवलं होतं. घर्षण कमी झालं की तोच टक् व्हायच्या आत बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. नव्वद हा आकडा ऑइलसाठी होता. ग्रीससाठी नव्हता.

“बोल्ट चांगले आहेत,” ती म्हणाली. “ऋत्विकचाही दोष नाही.” थोडं थांबून म्हणाली, “नदीम, तुझाही नाही. सांगितलं नाहीस, तेवढा सोडून.”

“मग कोणाचा?” येसाजीने विचारलं.

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. येसाजीने ती अक्षरं वाचली, काही कळलं नाही, आणि खिशातून फोन काढून तो मांडव्यासाठी दुसरी गाडी शोधायला लागला.

नदीम भिंतीकडे बघत होता. “आपा,” तो म्हणाला, “असे बाहेरचे बोल्ट हेच ग्रीस लावून आपण अजून दोन गाड्यांना बसवलेत. इक्बालचाचांची, आणि नागावच्या स्वराजची.”

तिलाही तेच आठवलं होतं. इक्बालचाचा आज मुलाला विमानतळावर सोडायला निघणार होते. दुबईची नोकरी. सगळं घर गाडीत बसणार, आणि वाटेत कार्लेखिंडीचा चढ. तिने फोन लावला.

“चाचा, अतिया बोलतेय, गॅरेजमधून. तुमची गाडी आज बाहेर काढू नका. फ्लायव्हीलचे बोल्ट परत बघायचेत. मी फुकट करून देते.”

पलीकडे बॅगांची ओढाताण आणि एका बाईचा आवाज ऐकू येत होता.

“फुकट?” इक्बालचाचा म्हणाले. “तू? गेल्या खेपेला वॉशरसुद्धा तू मोजून दिलेस. खरं सांग बेटी, काय लपवतेयस? काय केलंत माझ्या गाडीला?”

“काही लपवत नाही. चूक माझी आहे. बोल्टांना…”

“चूक तुझी? हे तर मी आजवर ऐकलं नाही. मला तर शंकाच येतेय. आम्ही पाच मिनिटांत निघतोय.”

“चाचा, ऐका तरी…”

“बॅगा चढल्या, बेटी.”

नदीमने हात पुढे केला. तिने फोन दिला.

“चाचा, सलाम. नदीम. आपा खरं बोलतेय. तसलाच बोल्ट आज माझ्या हातात मऊ लागलाय. उतरवा बॅगा. दुसरी गाडी बघा.”

पलीकडचं बोलणं अतियाला स्पष्ट ऐकू आलं. “तू म्हणतोस तर उतरवतो.”

स्वराजचा नंबर तिला पाठ होता. तिने तो नदीमला सांगितला, आणि फोन परत मागितला नाही.