आठवड्याचा मान, वर्षभराची खुंटी

मित्रांनो, आधी मला जरा दम घेऊ द्या. मी एक जुना रबाब आहे, आणि सध्या फार थकलो आहे. वर्षभर मी शोगुनबेकच्या घरात खांबाच्या खुंटीवर लटकत असतो. छपराच्या झरोक्यातून उजेड येतो, माझ्या पोटावरून सरकत भिंतीकडे जातो आणि दिवस मावळतो. कोणाकडे मरण झालं तर तेवढं बोलावणं येतं, एरवी कोणी विचारत नाही. मग नवरोजचा आठवडा उजाडतो आणि साऱ्या पामीरच्या डोंगरमुलखाला एकदम आठवतं, अरे, आपल्याकडे एक रबाब आहे! त्या एका आठवड्यात माझी जी ओढाताण होते, तिचा शीण पुढे खुंटीवर कितीही लटकलो तरी उतरत नाही.

माझा जन्म ओढ्याकाठच्या तुतीच्या झाडात झाला. ते झाड म्हातारं होऊन वाळलं, तेव्हा गावचा सुतार मिर्झोबेक कुऱ्हाड घेऊन आला. घाव घालण्याआधी त्याने खोडाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि म्हणाला, "माफ कर बाबा. फळं पुष्कळ दिलीस. आता आवाज दे." त्याने एकाच ओंडक्यातून माझी मान आणि पोट कोरलं, पोटावर कोकराचं कातडं ताणून बसवलं आणि आतड्याच्या सहा तारा चढवल्या. आता त्या तारांच्या जागी मासे धरायचा दोरा आहे. आवाजाला बरा आहे, पण माझी आणि त्याची अजून मैत्री झालेली नाही.

मला नाचगाण्यासाठी घडवलं नव्हतं. त्यासाठी गावात दुसरे रबाब आहेत, गुणी आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं काम मद्दोहचं. पूर्वी दर गुरुवारी संध्याकाळी घरात माणसं जमायची, दिवा लागायचा, आणि गायक मला मांडीवर घेऊन देवाची आणि पीरांची स्तुती गायचा. एक कडवं गायचं, थांबून त्याचा अर्थ सांगायचा, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले की पुन्हा गायचं. मला खुंटीवरून दोन्ही हातांनी काढतात, कपाळाला लावतात, जमिनीवर कधी ठेवत नाहीत. मी लाकडाचा आहे, पण अशा संध्याकाळी मला वाटायचं की मी नुसतं लाकूड नाही. देवाचं नाव ज्याच्या पोटातून जातं त्याला असं वाटलं, तर तो गर्व म्हणू नका.

असाही एक काळ होता की ते नाव घ्यायला बंदी होती. तेव्हा शोगुनबेकच्या बापाने मला पिठाच्या कोठीत लपवलं. माझ्या पोटात अजून थोडं पीठ असेल. नंतर लढाईचा हिवाळा आला. रस्ते बंद, कोळसा नाही, वीज नाही. लोकांनी तुतीची झाडं तोडून जाळली, मग बाकं, मग दारं. एका पहाटे शोगुनबेकच्या बायकोने रडत रडत मला खुंटीवरून उतरवलं. कडेवर तापाने फणफणलेलं पोर होतं, मी तिला दोष देत नाही. तेवढ्यात शेजारची कीमतबेगिम आत आली. तिच्या हातात तिचा स्वतःचा डफ होता. मद्दोहला ती माझ्या शेजारी बसून तो वाजवायची आणि तिचा हात असा होता की गायकाला श्वास कुठे घ्यायचा ते डफच सांगायचा. तिने कातडं सोडवलं, लाकडी कडं गुडघ्यावर मोडलं आणि चुलीत सारलं.

"हा पेटव," ती म्हणाली. "डफ काय, पुन्हा होईल. याचं लाकूड पुन्हा व्हायचं नाही."

तिचा डफ पुन्हा झाला नाही. आधी ऐपत नव्हती, मग वेळ नव्हता, मग बोटं आखडली.

आता या नवरोजचं सांगतो. नवरोजच्या आधी आमच्याकडे घरातली वस्तू न् वस्तू बाहेर काढून काजळी झाडतात. शोगुनबेक आता पिकल्या दाढीचा झाला आहे, बायको गेली, मुलगा रशियात बांधकामावर. घर सांभाळते ती सून सवसन. तिने गाद्या, हंडे, पेट्या सगळं अंगणात मांडलं आणि मला जर्दाळूच्या फांदीला टांगलं. शेजारच्या अंगणात कीमतबेगिमला उन्हात रजईवर आणून बसवलं होतं. पाय सुजलेले, ओठ निळसर. शहरच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं, आणि घरी का पाठवतात हे तिला कळत होतं.

"शोगुन! ए शोगुन!" तिने भिंतीवरून हाक मारली.

"काय आपा, बरी आहेस ना?"

"बरी असते तर तुझ्या सुनेला झाडू कसा धरतात ते शिकवलं नसतं?"

"आपा, मला ऐकू येतंय हं," सवसन छपरावरून ओरडली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले. शोगुन, तू माझं ऐक. मी मेल्यावर तू माझ्याकडे गाणारच आहेस. सगळ्यांकडे गातोस. पण तेव्हा मला त्याचा काय उपयोग? मला ऐकू येतंय तोवर एकदा गा. या गुरुवारी."

"सणासुदीचं अभद्र बोलू नये, आपा."

"अभद्र कसलं? आमंत्रण आहे. गहू-मांसाची खिचडी शिजवायला सांगते. येतोस की नाही?"

शोगुनबेकने छातीवर हात ठेवला. "गुरुवारी. ऊन कड्यामागे गेलं की हजर."

त्याच दुपारी तालुक्याच्या संस्कृती भवनातून निसोबेगिम आली, हातात पोस्टरची गुंडाळी. 'या आठवड्यात आपल्या गावी' असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली सगळे कार्यक्रम. सोमवारी शाळेत, मंगळवारी हस्तकलेच्या बाजारात, बुधवारी नदीकाठी पाहुण्यांसमोर, गुरुवारी दुपारी तालुक्याच्या बागेत मोठा जलसा. प्रत्येक ठिकाणी मी.

"फोटो बघा ना काका! रबाब कसा मधोमध घेतलाय."

"आणि मामंजी कुठे आहेत?" सवसनने विचारलं.

"ते कोपऱ्यात आहेत. थोडे कापले गेलेत."

"थोडे? नुसता कान दिसतोय!"

"सूनबाई, टोमणे नंतर. काका, गुरुवारी दोनला सुरू, चारला संपलंच म्हणून समजा. टीव्हीवाले येणार आहेत."

"संध्याकाळी मी शब्द दिलाय," शोगुनबेक म्हणाला.

"मग संध्याकाळी कोण अडवतंय?"

शोगुनबेकला नाही म्हणता येत नाही. सगळ्यांना हो म्हणणाऱ्याचं वाद्य होणं काय असतं, ते मला विचारा.

सोमवारी शाळेत मुलांनी माझ्या तारा ओढून पाहिल्या. मंगळवारी बाजारात मी विकायला आहे असं समजून एकाने माझा भाव केला. बुधवारी नदीकाठी ओला बर्फ भुरभुरत होता, पाहुण्यांनी छत्रीखाली फोटो काढले आणि आम्ही उघड्यावर वाजवत राहिलो. वाहवा सगळीकडे झाली. पण प्रत्येक ठिकाणी एकेक कडवं, तेही अर्धं, कारण पुढचे तयार उभे असायचे. अर्थ सांगायला शोगुनबेकने तोंड उघडलं की निसोबेगिम लांबून घड्याळ दाखवायची. ओलीने माझं कातडं सैल पडत चाललं होतं. मला एकच धास्ती होती. गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत माझ्यात आवाज उरायला हवा.

गुरुवारी दोन वाजले, तीन वाजले, उद्घाटनाला यायच्या मोठ्या साहेबांची गाडी काही येईना. आम्ही मंचामागच्या तंबूत बसून होतो. तिथे नाचाच्या ताफ्याचा डफवाला फरोमूझ आपले डफ विजेच्या शेगडीसमोर शेकत होता. चांगला मिशीवाला, बायकामुलांचा माणूस. शोगुनबेक साहेबांची गाडी आली का पाहायला बाहेर गेला, आणि फरोमूझने माझ्या पोटावर टिचकी मारली. भद्द आवाज आला. बिचाऱ्याला दया आली. त्याने मला उचलून डफांच्या रांगेत उभं केलं.

मित्रांनो, डफाचं कातडं जाड असतं. माझं जुनं, कांद्याच्या सालीसारखं. शोगुनबेक मलाही शेकतो, पण हातभर लांबून, भाकरी फिरवावी तसा फिरवत. फरोमूझला ते कुठून ठाऊक असणार? पायाखाली वाळकं पान यावं एवढाच आवाज झाला. मी मधोमध फाटलो.

शोगुनबेक आत आला आणि त्याने चिरेवर तळहात ठेवला.

"काका," फरोमूझचा चेहरा राखेसारखा झाला, "मी म्हटलं, माझे शेकतोय तर तुमचाही… मला मारा काका, हवं तर मारा."

निसोबेगिम धावत आली. "गाडी आली! काय झालं? अगं बाई! बरं, असू द्या. गेल्या वर्षीचं तुमचंच रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तुम्ही नुसतं हातात धरून बसा, मागून लावते. लांबून कोणाला चीर दिसायची नाही."

तिलाही वाईट म्हणत नाही. तिच्या डोक्यावर साहेब होते. शोगुनबेक दमला होता, आणि दमलेला माणूस ढकलाल तिकडे जातो. तो मंचावर बसला. त्याचा हात माझ्या तारांवर हवेत फिरत राहिला, ओठ हलत राहिले, आणि कडेच्या खोक्यातून माझा गेल्या वर्षीचा आवाज देवाचं नाव घेऊ लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहून वाजवल्या. रात्र रात्र वाजून मी कधी थकलो नव्हतो इतका त्या न वाजण्याने थकलो.

टाळ्या थांबल्या तेव्हा ऊन कड्यामागे गेलं होतं. शोगुनबेकने मला अंगरख्यात गुंडाळलं आणि गाडीतळाकडे चालू लागला. मागे पावलं वाजली.

"तू कशाला येतोस?"

"काका, घरी कुठल्या तोंडाने जाऊ? आई पहिलं विचारेल, आज काय वाजवलंस?" फरोमूझच्या काखेत त्याचा डफ होता.

कीमतबेगिमकडे खांबांवर पिठाची नक्षी काढलेली, दिवा लागलेला, खिचडीवर झाकण, बायका दाटीवाटीने बसलेल्या. ती उशांना टेकून दाराकडे बघत होती. शोगुनबेकने मला उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. "कोणी केलं?"

"मी, आजी," फरोमूझ दारातूनच म्हणाला.

"मी याला जळू दिलं नाही आणि तू याला शेकलास होय रे?" आणि ती हसली. हसताना धाप लागली, तरी हसली. "आत ये, थंडी येतेय. शोगुन, तारा आहेत ना? लाकूड आहे ना? मग बसलास काय? गा."

"आपा, याच्यातून आवाज येणार नाही."

"माझ्यातून तरी कुठे येतोय? गा."

त्याने मला मांडीवर घेतलं आणि तार छेडली. फाटक्या पोटातून जे निघालं ते गाणं नव्हतं, म्हाताऱ्या माणसाचा श्वास असतो तसं काहीतरी. त्यावर शोगुनबेकने गळा लावला: दिवा तुझा, तेल तुझं, मी नुसती वात. फरोमूझने हळूच डफ धरला. एका कडव्यानंतर कीमतबेगिमने हात पुढे केला.

"तू फार घाई करतोस. इकडे आण."

आखडलेली बोटं डफावर टेकली. पहिली थाप चुकली. दुसरी चुकली. तिसरीला शोगुनबेकने श्वास घेतला, बरोबर तिथेच, जिथे पूर्वी घ्यायचा. बायकांनी पालुपद उचललं. मग तो गायला, थांबला, अर्थ सांगितला, पुन्हा गायला, आणि कोणी घड्याळ दाखवलं नाही. दिव्याच्या उजेडात तिचे ओठ निळे दिसत नव्हते. त्या आठवड्यात मी वाजलो तो तेवढाच, मित्रांनो. बाकी नुसता मिरवलो.

जर्दाळू फुलले तेव्हा ती गेली. तिचाही मुलगा रशियात होता, तो पोचला, त्याने गावजेवणासाठी घरचं कोकरू कापलं. त्याचं कातडं फरोमूझने मागून नेलं. भिजवलं, खरवडलं, माझ्यावर ताणलं आणि सावलीत वाळवलं. चुलीकडे त्याने मला पाठच करून ठेवलं होतं. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी तिच्याच घरच्या कातड्याने गायलो. सगळे म्हणाले, आवाज उजळला. मला मात्र सारखं वाटत होतं की ऐकायला एक माणूस कमी आहे.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. गावातल्या दुकानाच्या दारावरचं ते पोस्टर वाऱ्याने अर्धं फाटलंय म्हणे. मित्रांनो, तुमच्याही घरी खुंटीवर काहीतरी असेल, कोपऱ्यात कोणीतरी बसलेलं असेल. त्यांना उत्सवाच्या आठवड्यात मधोमध बसवून फोटो काढू नका. आणि आवाज करायचा तो ज्याच्यासाठी करायचा, त्याचे कान शाबूत आहेत तोवर करा. मागून सगळेच गातात.

इतकं बोलूनच थकलो. झरोक्याचा उजेड भिंतीला पोचलाय. खाली सवसन कणीक मळतेय, शोगुनबेक भिंतीला टेकून डुलक्या घेतोय.

"मामंजी," ती मान वर न करता म्हणते, "आज गुरुवार आहे."

"कोणाकडे बोलावणं आहे?"

"कोणाकडे नाही. मला ऐकू येतंय, म्हणून म्हटलं."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठतो, आणि माझ्याकडे दोन्ही हात करतो.