चहा आणि करवत

फांदीत अडकलेली करवत तिने हिसकून काढली आणि तशीच पुढच्या झाडाला लावली. इथेही तेच, शेंड्याकडून वाळत आलेली फांदी. रोगट भाग कापा, कापल्या जागी मोरचूद आणि चुन्याचा लेप लावा, वाळकं जाळून टाका. रोपवाटिकेतल्या बाईंचं सांगणं ती दोन हंगाम जिवाच्या आकांताने पाळत होती, तरी लवंगेची चौतीस झाडं डोळ्यांदेखत वाळत चालली होती. यंदा कळ्या धरल्या नाहीत तर बाग तोडायची, असं घरात ठरलं होतं. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

आणि बाबा पुन्हा घराकडे निघाले होते.

मध्ये लुडबूड नको म्हणून तिने त्यांना विहिरीमागची उरलेली अकरा झाडं वाटून दिली होती. एक झाड छाटलं की बाबा करवत काखोटीला मारून घरी, चहाला. ती दिवसात वीस झाडं उरकायची, ते जेमतेम तीन. त्यावरून तिने त्यांना नाही नाही ते ऐकवलं होतं. विहिरीमागची झाडं मात्र हिरवीगार होती. तिकडची माती बरी असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आज मात्र तिचा पारा चढला. ती करवत घेऊनच तरातरा स्वयंपाकघरात शिरली.

बाबा स्टुलावर बसून चहा पीत होते. शेगडीवर मोठं पातेलं खदखदत होतं आणि करवतीची मूठ त्यातून बाहेर डोकावत होती.

“हे काय?”

“आजारी झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्याला लागतो. पातं उकळेपर्यंत माझा चहा होतो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“आलो होतो सांगायला. तू म्हणालीस, तुमच्या चहाचं कौतुक मला नको.”

म्हणाली होती खरी. तिने हातातल्या करवतीकडे पाहिलं. दात चिकाने काळे पडले होते. दर वेळी ती फाटकाजवळच्या झाडापासून सुरुवात करायची, कारण पहिल्यांदा आजारी पडलं होतं ते तेवढं एकच. तिथून ओळीने, न थांबता, शेवटच्या झाडापर्यंत.

बाबांनी आपली करवत बाजूला सरकवून पातेल्यात जागा केली. तिने आपली करवत आत सोडली आणि जमिनीवरच बसली. पाणी पुन्हा खदखदू लागलं तेव्हा तिने एक कप पुढे केला.

“अर्धाच द्या.”

“पुरता घे,” बाबा म्हणाले. “चौतीस झाडं आहेत.”