सहाच्या घंटेला काय ऐकू येत नाही

एस्टेरच्या दुकानापुढे माणसं, बादल्या आणि कॅन यांची झुंबड उडाली होती. संत विसेंतेच्या झऱ्याचं पाणी आलं होतं. रेडिओवरचा तिबुर्सियो रोज संध्याकाळी गर्जायचा, "हे पाणी प्यायला आणि लंगडा धावला! आंधळ्यानं सुईत दोरा ओवला! मधुमेहवाल्यांनो, इंजेक्शनं समुद्रात फेका!" आंधळा कुठल्या गावचा, ते मात्र तो कधी सांगत नसे.

माझी मेहुणी क्लारिता हिनं इन्सुलिन बंद केलं. आठवड्यातच तिचे ओठ सुकले, पाय लटपटू लागले.

"अगं, इंजेक्शन घे."

"दाजी, रेडिओवर सांगतात, पेपरात छापलंय, मोबाइलवरही आलंय. सगळे खोटे आणि तुम्ही एकटे शहाणे? ताई गेल्यापासून तुमचा देवावरचाही विश्वास उडालाय."

माझी बायको फेलिसा वारल्यापासून मी संध्याकाळची प्रार्थना करत नाही. सहाला चर्चची घंटा होते, गाव जागच्या जागी थांबतं, रेडिओ बंद करतं. आमच्याकडे ते बटण फेलिसा फिरवायची. आता कोणी फिरवत नाही. त्या संध्याकाळी घंटा चालू असताना रेडिओ बोलत राहिला आणि रोज कानावरून जाणारं मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ उचलून मी दुकानापुढे गेलो. क्लारिताही कॅन घेऊन आली होती. घंटा झाली. एस्टेरनं तिचा रेडिओ बंद केला, मी माझा मोठा केला.

"लाज वाटत नाही? देवाची वेळ आहे!" एस्टेर ओरडली.

"तिबुर्सियोनं हीच वेळ गाठलीय. ऐक."

रेडिओवर एक बाई भराभरा वाचत होती, "पुढचा अर्धा तास झऱ्याचं पाणी विकणाऱ्या कंपनीनं विकत घेतला आहे. यातल्या दाव्यांची या रेडिओ केंद्रानं खात्री केलेली नाही."

घंटा थांबली. "बंधूंनो, लंगडा धावला!" तिबुर्सियो गरजला. कोणीतरी फिसकन हसलं.

"हे रोज सांगतात?" एस्टेरनं विचारलं.

"रोज. आपले डोळे मिटलेले असताना."

क्लारितानं मोबाइलवरची बातमी खालपर्यंत सरकवली. तळाशी तीच कंपनी. एस्टेरनं सुकी मासळी बांधलेला पेपर उलगडला. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात'.

"तीन तोंडं, दाजी, पण पोट एकच," क्लारिता म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिला तसंच दवाखान्यात नेलं. वाचली.

प्रार्थना खुशाल करा. पण बोलणाऱ्याला कोण पोसतं, ते आधी विचारा. औषधाचं डॉक्टरला विचारा, रेडिओला नको.

आता सहाला क्लारिता आमच्याकडे येते. इंजेक्शन घेते, आजची वेळ कोणी विकत घेतली ते ऐकते आणि मगच बटण फिरवून बहिणीसाठी हात जोडते.