भालदाराची काठी

सयाजीने सरांना बोलावलं होतं ते इंग्रजी तपासायला. गारगोटी रोडवरचं त्याचं नवं हॉटेल दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. भिंतीभर जुन्या वस्तू टांगल्या होत्या आणि प्रत्येकीखाली एक पितळी पाटी ठोकली होती. सयाजी शाळेत आबा कांबळे सरांच्या हाताखाली शिकलेला. आबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे होते, पण कुणी एखादा शब्द विचारला की अजूनही चष्मा पुसून तयार. शिवाय त्यांचा पुतण्या संघर्ष याच हॉटेलात मॅनेजर होता, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"सगळ्यांवर रेलिकच लिहिलंयस की," चार पाट्या वाचून आबा म्हणाले.

"मोबाईलवर बघितलं सर. जुनी, टिकून राहिलेली वस्तू. वजनदार शब्द हाय. पुण्याची माणसं येणार, फोटो काढणार."

"अर्थ बरोबर आहे, पण अर्धा. हे घंगाळ बघ. असल्या घंगाळात माझी बहीण अजून आंघोळीचं पाणी काढते. मग हे नुसतं जुनं. ही लोखंडी मोट बघ. बैल गेले, नाडा गेला, विहिरीवर पंप आला, आणि मोट तेवढी मागं राहिली. वस्तू ज्या रीतीसाठी होती ती रीत संपली आणि वस्तू उरली, की हा शब्द शोभतो."

"जेवणाऱ्याला एवढं कोण सांगत बसतंय? तुम्ही स्पेलिंग तेवढं बघा."

आबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. वर्गात शेवटच्या बाकावरून सयाजी असाच बोलायचा. ते पुढे सरकले आणि दारासमोरच्या भिंतीपाशी येऊन थांबले.

त्या भिंतीवर एकच वस्तू होती. लाल मखमलीवर आडवी लावलेली, पुरुषभर उंचीची काठी. एका टोकाला लोखंडी कडी आणि कडीत घुंगरू. खाली इंग्रजीत पाटी होती: रेलिक, राजदरबारच्या भालदाराची काठी.

आबांनी पाटीवरून बोट फिरवलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. काठी मध्यावर चिरली होती आणि चिरेवर तांब्याची तार सात वेढे घालून आवळली होती. तार आवळताना बापाच्या अंगठ्यातून आलेलं रक्त त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

"ही कुणी दिली?"

"संघर्षनं. मुरगूडकडचं तुमचं जुनं घर पाडलं न्हवं का, तिथल्या आढ्यात सापडली. पणजोबा दरबारात भालदार होते म्हणाला. तुम्ही कधी बोलला न्हाईसा सर."

संघर्ष काउंटरमागे बिलाच्या मशीनशी खटपट करत होता. त्याने मान वर केली नाही.

"सयाजी, ही वेसकराची काठी आहे," आबा म्हणाले. आवाज वर्गातलाच, सावकाश. "माझ्या बापाची, गुंडूची. वेसकर गावची वेस राखायचा आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायचा. घुंगरू वाजले की बायका पोरांना आत ओढायच्या, आमची सावली पडू नये म्हणून. मग भाकरी वरून घोंगड्यात टाकायच्या. आठ वर्षांचा होईपर्यंत मी घोंगडं धरून मागं चालायचो. धर्मांतर झालं आणि बापानं मागणं सोडलं. काठी मात्र आढ्यात ठेवली. मी शाळेला जायचा कंटाळा केला की काही न बोलता ती खाली काढायचा आणि दाराशी उभी करायचा. मी दप्तर उचलायचो."

सयाजीने मखमलीची कड सरळ केली.

"बरं, ते झालं जुनं. पाटी आता बनलीया."

"पाटी मी लिहून देतो. दोनच ओळी."

"आणि ती लावू कुठं? लोक समोर जेवायला बसणार. तांबडा-पांढरा रस्सा पुढ्यात आणि वर हे? घास उतरंल का कुणाच्या घशाखाली?"

आबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "आतापर्यंत उतरणार होता ना? काठी तीच आहे."

"तवा मला ठाऊक न्हवतं की."

"मग तो शब्द खोडून टाक," आबा म्हणाले. "मी मघाशी काय सांगितलं? रीत संपायला पाहिजे."

सयाजीचा चेहरा उतरला आणि मग तापला. "सर, मान देतो म्हणून काय बी बोलायचं न्हाय. मी जातपात मानत न्हाय. मानत असतो तर तुमच्या पुतण्याला गल्ल्यावर बसवलं असतं का?"

"उपकार केलेस?"

"आबा, बास करा." संघर्ष काउंटरमागून बाहेर आला. "भालदाराची म्हणून मीच सांगितलं. काय सांगणार होतो? भाकरी मागायची काठी हाय, घ्या आणि भिंतीला लावा म्हणून? तुम्हाला पेन्शन हाय. मला रोज ह्या दारात उभं राहायचं हाय."

"तुझ्या आज्यानं मागणं सोडलं तेव्हा त्याला पेन्शन नव्हती."

"तुमचं सगळं धड्यासारखंच असतं."

सयाजीने हात झटकला. "हे बघा. उद्या उद्घाटन हाय. काठी हितंच राहील आणि पाटीबी हीच राहील. मी आज काही ऐकलं न्हाय. संघर्षनंबी काही खोटं सांगितलं न्हाय. काठी भिंतीवरनं हलली, तर मात्र खोटं बोलणारा मॅनेजर मला चालायचा न्हाय. तुमचं तुम्ही ठरवा."

आबा उत्तर देणार होते. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. पण संघर्षच्या घरात दोन पोरी शाळेला जात होत्या, आणि त्यांची फी ह्याच गल्ल्यावरून जाणार होती. बापाच्या नावापायी दुसऱ्याचा घास काढायचा हक्क आपल्याला आहे का, हे त्यांना कळेना. ते गप्प उभे राहिले. 

"ऐकलंस न्हवं?" काउंटरवरचं फडकं पुढे करत सयाजी संघर्षला म्हणाला. "आबांना चहा दे आणि पाटी पुसून घे. बोटं लागल्यात."

संघर्ष हलला नाही. सयाजीच्या हातातल्या फडक्याकडे तो बघत राहिला. मग कोपऱ्यातलं स्टूल त्याने पायाने ओढलं, वर चढला आणि काठी खिळ्यांवरून उपसली. घुंगरू वाजले तसा सयाजी नकळत एक पाऊल मागे सरला. तिघांनीही ते पाहिलं.

"घ्या," संघर्षने काठी आबांच्या हातात कोंबली. "झालं समाधान? आता माझ्यासाठी नोकरी बघा."

"उद्या यायचं न्हाय मग," सयाजी म्हणाला.

"न्हाय येत."

बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आबा म्हणाले, "संघर्ष, मी तुला काढ म्हणालो नव्हतो."

"म्हणाला न्हाईसा. गप उभं राहिलासा, तेच बघवलं न्हाय." त्याने मोटारसायकलला किक मारली. आबांकडे अजून त्याने धड पाहिलं नव्हतं. "बसा मागं. आणि ती आडवी धरू नका, कुणाला तरी लागंल. उभी धरा."