वहाणांची वाटणी

घर वाटलं, शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले, तोवर रतनबाई काही बोलली नाही. भाऊ म्हटले की वाटण्या आल्याच. पण तिच्या थोरल्या लेकानं, हनुमंतानं, आबांची डावी वहाण उचलली आणि धाकट्या केरबानं उजवी, तेव्हा तिला राहवलं नाही.

"आरं, जोडी कुनी फोडतं का?" ती म्हणाली.

कोण ऐकतो! अख्खी जोडी एकाला गेली असती तर दुसऱ्याला घास गोड लागला नसता, अशी दोघांची तऱ्हा.

महिपती आबा म्हणजे रतनबाईचे सासरे. इंग्रजांनी डोंगरातली चराई बंद केली तेव्हा हा माणूस परंदवडीतून निघाला आणि मावळातलं गाव न् गाव पायी फिरला. त्यांच्या जाड वहाणांची करकर कानावर आली की लोक दावणीची गुरं सोडत आणि मागोमाग डोंगर चढत. तुरुंग झाला, फटके झाले, शेवटी चराई पुन्हा खुली झाली. कुणाच्या घरचा चहासुद्धा आबांनी कधी फुकट घेतला नाही. आणि आता नातवांनी त्यांचंच दुकान मांडलं होतं.

केरबानं लोणावळ्यात आपल्या चिक्कीच्या दुकानाला लागून तिकीट लावून दालन उघडलं. आत मेणाचे आबा काठी घेऊन उभे. त्यांच्या उजव्या पायात खरी वहाण आणि डाव्या पायात केरबानं करवून घेतलेली नक्कल. पर्यटक येत, मेणाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत. हनुमंतानं इकडे परंदवडीत राहत्या घरावर 'आबांचं घर' अशी पाटी ठोकली, डावी वहाण काचेच्या पेटीत ठेवली आणि शनिवार-रविवारी पिठलं-भाकरीची ताटं लावली. आबांच्या नावावर दोघांचं बरं चाललं होतं. शिवाय खरा वारस कोण, यावर कोर्टात भांडण होतंच.

या घरात एक जुनी रीत होती. आबांच्या तिथीला संध्याकाळी रतनबाई वहाणांना करडईचं तेल लावायची, उंबऱ्याच्या आत तांदळाचं पीठ पसरायची आणि वहाणा कडेला ठेवायची. रात्री आबा गावावरून फेरी मारून येतात, असं घरात मानत. सकाळी पिठात पावलं दिसायची, जाणारी आणि येणारी. ज्याला मानायचं नाही तो उंदीर म्हणायचा.

वाटणीनंतरच्या तिथीला पिठात एकच पाऊल उमटलं. डावं. ते जागच्या जागी पुन्हा पुन्हा टेकलेलं होतं, एका पायावर माणूस तोल सावरत राहावा तसं.

त्याच आठवड्यात हनुमंताचा उजवा पाय बधिर झाला. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघ्यापर्यंत सगळं थंडगार. डॉक्टरांना काही सापडेना. पेटीतली वहाण रोज सकाळी लोणावळ्याच्या दिशेला तोंड करून फिरलेली असे आणि सून सविता ती सरळ करी. मग लोणावळ्याहून कळलं की केरबाचा डावा पाय गेलाय. त्याच्याकडे तर मेणाच्या पुतळ्याची खरी वहाण रोज सकाळी चिखलानं भरलेली सापडे. दालनाला कुलूप, फरशी कोरडी, आणि वहाणेला भाताच्या खाचरातला ओला चिखल.

रतनबाईला आता एकच ध्यास लागला. पोरांचे पाय परत यायला हवेत. तिनं हनुमंताला हात जोडले, तर तो म्हणाला, "निकाल लागूदे आये. त्याच्या आधी म्या वहाण दिली तर केस ढिली व्हती."

तेव्हा तिनं तिथीची वाट पाहिली नाही. बेगडेवाडी स्टेशनवर गाडीत बसली आणि लोणावळ्याला उतरून थेट दालनात गेली. केरबा गल्ल्यावर बसला होता, पाय स्टुलावर. ती पुतळ्यापाशी वाकली आणि उजवी वहाण काढून पदराखाली घेतली. मेणाचा तो पाय तिच्या हाताला कोमट लागला.

"आये, ठेव ती!" केरबा ओरडला. पण उठून धरायला त्याला पाय कुठं होता? "उद्या येतो मी, पोलीस घेऊन येतो!"

"ये, पर चालत ये बाबा," रतनबाई म्हणाली आणि बाहेर पडली.

त्या संध्याकाळी तिनं हनुमंताची नजर चुकवून पेटीतली डावी वहाण काढली, जोडी जुळवली, तेल लावलं, पीठ पसरलं. पहाटे तिला करकर ऐकू आली. संथ, दोन्ही पायांची. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि ओढ्याकडं विरत गेली.

उजाडलं ते हनुमंताच्या ओरडण्यानं. "आये, पाय! पाय आला माझा!" तो घरभर चालत होता. रतनबाईनं देवाला हात जोडले आणि दाराशी आली. पिठात दोन खोल पावलं होती, बाहेर जाणारी. येणारी नव्हती. आणि वहाणाही नव्हत्या.

तेवढ्यात केरबा आला. दोन्ही पायांनी, ताडताड. आईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"वहाणा कुटं हायत?"

"तूच न्हेल्यास! रातच्याला येऊन न्हेल्यास!" हनुमंत धावून गेला.

"म्या? लंगडा मानूस म्या! तूच दडवल्यास!"

"आरं, पाय आले तुमचे," रतनबाई दोघांच्या मधे पडली. "आबांनी दिले. आता तरी गप बसा."

पण कुणाला पायाचं पडलं होतं? त्या पिठातच दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, ढकलाढकली केली, पाय आपटले. मग एक वकिलाकडं निघाला आणि दुसरा चौकीकडं. दोघांच्या मोटरसायकली फाट्यावर दोन बाजूंना वळल्या.

सविता केरसुणी घेऊन आली आणि उंबऱ्याशी येऊन थबकली. तिनं पदर तोंडावर दाबला. "आत्याबाई, हे बगा."

पीठ जसंच्या तसं होतं. आबांची दोन पावलं सोडली तर त्यात रेघसुद्धा नव्हती. आत्ताच तिथं दोन धिप्पाड माणसं नाचली होती आणि पिठाला त्यांचा पत्ताच नव्हता.

रतनबाईनं आपला पाय पिठात टेकवला. पाचही बोटं स्वच्छ उमटली. गेलेल्या आबांची पावलं उमटली होती, तिचं उमटलं, जित्या पोरांची तेवढी नाही. मग ती तिथंच खाली बसली आणि पोटची पोरं गेल्यावर आई रडते तशी मोठ्यानं रडली.