भोंगा आणि वहाणा

पुरावा होता. मालनच्या मते पक्का.

शेवंती सातवा महिना लागतो न लागतो तोच जन्माला आली. बापाच्या, कोंडीरामच्या, तळहातावर मावायची. इस्पितळात दोन-तीनदा श्वास घ्यायची विसरली. मग हळदीसारखी पिवळी पडली. तरी घरी आली. लालबागच्या खोलीत कोंडीरामने गिरणीच्या कापसात तिला गुंडाळून ठेवलं आणि आईने, मालनने, वातीने दूध पाजलं.

आता ती तीन वर्षांची. चालत होती, बोलत नव्हती. म्हणून दाखवायला नेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं लवकर आलेल्या आणि एवढी कावीळ झालेल्या मुलांचे कधीकधी कान जातात, तपासून घेऊ.

मालनला राग आला. कान गेले असते तर रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की पोर बापाच्या वहाणा उचलून दारात कशी ठेवते? मालन जिंकून घरी आली.

रोजची सकाळ अशी: मालन फडक्यात भाकरी ठेवते.

(इथे भोंगा वाजतो.)

मालन फडक्याला गाठ मारते. शेवंती वहाणा ठेवते.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. गिरण्या बंद. कोंडीराम मोर्चाला निघाला. मोर्चातही भूक लागते, म्हणून मालनने फडक्यात भाकरी ठेवली.

(इथे काहीच वाजत नाही.)

मालनने गाठ मारली. शेवंतीने वहाणा दारात ठेवल्या.

"बघ," कोंडीराम हसला, "हिका आता भोंगोसुद्धा नको."

मालन हसली नाही. ती हातातल्या गाठीकडे बघत होती.

गिरण्या सुरू झाल्या त्या सकाळी ती फडकं उघडंच मांडीवर घेऊन बसली.

(भोंगा.)

शेजारचं तान्हं दचकून रडायला लागलं. शेवंती चिंध्यांच्या बाहुलीचे केस ओढत होती. ओढत राहिली.

"गाठ मार गो, उशीर होता," कोंडीराम म्हणाला.

मालनने गाठ मारली. शेवंती उठली. वहाणा आणून नीट जोडीने ठेवल्या.

कोंडीरामने त्यांत पाय घातले नाहीत.

"आज गिरणीक खाडो करा," मालन म्हणाली. "इस्पितळात जाऊया."

मग शेवंतीला हाक मारायला तिने तोंड उघडलं. मिटलं. पोरीच्या खांद्याला हात लावला आणि स्वतःच्या वहाणांकडे बोट दाखवलं.

शेवंतीने त्याही आणल्या.